सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं नेमकं झालंय काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिमगा, मे महिना, गणपती आणि दिवाळी आली की गावच्या ग्रुपवर तेच प्रश्न येतात, तीच भांडणं होतात आणि शेवटी कोणीतरी ग्रुप सोडून जातो, म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी नुसती लिंक टाकता येईल. मी एअरलाइनवाला नाही, विमानतळावर कामाला नाही आणि कुठल्या पक्षाचा तर नाहीच नाही. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचा.

चिपी विमानतळ बंद झाला का? एका शब्दात सांगा.

एका शब्दात नाही सांगता येत. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं ते अलायन्स एअरचं मुंबई-चिपी विमान. विमानतळ तेव्हा बंद झाला नव्हता. रनवे, टर्मिनल, कंट्रोल टॉवर, अग्निशमन सगळं जागेवर होतं आणि फ्लाय ९१ नावाची गोव्याची नवीन कंपनी पुणे, हैदराबाद, बेंगळुरू अशी विमानं चिपीला आणत होती. पण आपल्या लोकांच्या दृष्टीने मुंबई नाही म्हणजे विमानतळ नाही. परळ, लालबाग, डोंबिवली, विरारच्या माणसाला चिपी-हैदराबादचं काय करायचंय? त्यामुळे "चिपी बंद पडला" असं जे सगळे म्हणतात ते कागदावर चूक असलं तरी त्यांच्यापुरतं बरोबर आहे.

बंद झालं म्हणजे कोणी बंद केलं? कुठल्या पुढाऱ्याने?

कोणी खास बंद केलं नाही हीच तर गंमत आहे. ९ ऑक्टोबर २०२१ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी मुंबईहून पहिलं विमान आलं. ते विमान केंद्राच्या उडान योजनेखाली होतं, त्या योजनेत मदत तीन वर्षं मिळते, आता कॅलेंडर काढून बघा तीन वर्षं कधी संपतात. ऑक्टोबर २०२४. तारीख पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होती, आमदारांना, खासदारांना, मंत्र्यांना, कंपनीला. चौथ्या वर्षाचं काय, हा प्रश्न तीन वर्षांत कोणी नीट विचारला नाही आणि विमान थांबल्यावर मात्र प्रत्येकाने पत्र लिहिल्याचा फोटो टाकला.

उडान योजना म्हणजे काय? सरकार तिकीट फुकट देतं का?

फुकट नाही. योजना २०१६ ची, पहिली विमानं उडाली २७ एप्रिल २०१७ ला आणि त्या पहिल्या दिवशी शिमला-दिल्ली, कडप्पा-हैदराबाद यांच्या जोडीला आपलं नांदेड-हैदराबाद पण होतं. पद्धत अशी की ज्या रूटवर कंपनीला तोटा होणार हे उघड दिसतंय तो रूट बोली लावून एका कंपनीला द्यायचा. विमानातल्या साधारण अर्ध्या सीट ठरलेल्या भाड्यात विकायच्या, सुरुवातीला आकडा होता तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार, आणि त्या सीटवर कंपनीला जो खड्डा पडतो तो सरकार भरून देतं. त्याला व्हायेबिलिटी गॅप फंडिंग म्हणतात, सगळे व्हीजीएफ म्हणतात. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यातला ८० टक्के वाटा केंद्राचा आणि २० टक्के राज्याचा. केंद्राचा पैसा येतो कुठून तर मोठ्या शहरांमधल्या विमानांवर लावलेल्या लेव्हीतून, म्हणजे दिल्ली-मुंबई करणारा माणूस थोडाफार आपल्या चिपीचं तिकीट भरत होता.

शिवाय या विमानांना लँडिंग, पार्किंगचे चार्जेस माफ, आणि अशा विमानतळावर भरलेल्या इंधनावर राज्याने व्हॅट फक्त १ टक्का घ्यायचा. आणि अजून एक अट जी कोणी सांगत नाही, ती म्हणजे तीन वर्षं त्या रूटवर त्या कंपनीची मक्तेदारी. बोली जिंकलेली कंपनी चांगली चालवो की वाईट, दुसरी सहसा मध्ये येऊ शकत नाही. चिपीच्या बाबतीत ही अट मला सगळ्यात जास्त नडलेली वाटते, कारण सुरुवातीची हवा होती, लोक उत्साहात होते, तेव्हाच दुसरं कोणी आलं असतं तर आलं असतं.

पण विमान तर फुल जायचं! फुल विमान तोट्यात कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचं चुकत नाही, कारण तो स्वतः गेला तेव्हा विमान फुलच होतं. तो गेला कधी तर गणपतीच्या आदल्या दिवशी.

विमान होतं एटीआर ७२, सीट सत्तरच्या आसपास. अर्ध्या म्हणजे ३५ सीट अडीच हजाराने धरा, झाले साडेसत्याऐंशी हजार, बाकीच्या ३५ सीटवर कंपनीने जे काय कमवायचं ते. त्यात इंधन, पायलट, विमानाचं भाडं, मेंटेनन्स, मुंबईचे चार्जेस. आता आपली गर्दी बघा कशी असते. गणपतीच्या आधी अख्खी मुंबई कोकणात यायला बघते, तेव्हा येणारं विमान खचाखच आणि जाणारं जवळपास रिकामं. गौरी गेल्या की उलटं, चिपीहून निघणारं फुल आणि मुंबईहून येणारं रिकामं. म्हणजे सीझनमध्येसुद्धा एका बाजूने अर्धा धंदा हवेत जातो. आणि जून-जुलैच्या आडव्यातिडव्या पावसात मंगळवारी कोण जाणार विमानाने? रूट चालतो तो या मंगळवारच्या प्रवाशावर, कंपनीच्या कामाने जाणारा, कोर्टकचेरीवाला, डॉक्टर, व्यापारी, जो दर पंधरा दिवसांनी ये-जा करतो. सिंधुदुर्गात मोठे कारखाने नाहीत, त्यामुळे तो प्रवासी मुळात कमी.

१९९७ ला देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून सिंधुदुर्ग जाहीर झाला, तारकर्ली, मालवण, देवबाग सगळं आहे, पण तिथे येणारा बराचसा पर्यटक कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे भागातून गाडी घेऊन येतो, चौघे-पाच जण एका गाडीत. त्याला विमान परवडत नाही आणि लागतही नाही.

२५०० चं तिकीट म्हणाले होते, मग गणपतीत एवढं महाग कसं?

सुरुवातीला मुंबईहून २,५२० रुपये असं जाहीर झालं होतं आणि आकडा खोटा नव्हता, पण तो त्या ठरलेल्या अर्ध्या सीटपुरता. त्या सीट संपल्या की पुढचं भाडं मागणीप्रमाणे वर जातं. गणपतीच्या तारखा वर्षभर आधी माहीत असतात, स्वस्त सीट कधीच उडून जातात, आपण आठ दिवस आधी बघायला बसतो आणि आकडा बघून उडतो. गल्फला जायचं तिकीट यापेक्षा बरं असं म्हणणारे काका प्रत्येक ग्रुपवर एक तरी असतातच. त्यांचा राग खरा आहे, पण "लुटतायत" पेक्षा "सत्तरच सीट आहेत" हे त्याचं जास्त खरं उत्तर आहे.

सारखं कॅन्सल का व्हायचं? लोकांचा विश्वास तिथेच उडाला.

सहमत, आणि माझ्या मते मदत संपणं हे दुसरं कारण, पहिलं हेच. तीन-चार गोष्टी एकत्र आल्या. एक तर पाऊस. कोकणातला ढग सड्याला, म्हणजे कातळाच्या पठाराला, टेकतो आणि समोरचं झाड दिसत नाही, अशा वेळी वैमानिकाला ठरावीक अंतरावरून रनवे दिसला नाही तर तो उतरत नाही, उतरूही नये. दुसरं म्हणजे त्या तीन वर्षांत विमानसेवा दिवसापुरतीच होती, अंधार पडल्यावर उतरायची सोय नव्हती, त्यामुळे मुंबईत सकाळी उशीर झाला तर संध्याकाळी भरून काढू असं करता येत नव्हतं. तिसरं मुंबई विमानतळ. तिथे दोन रनवे आहेत पण एकमेकांना छेदतात, एका वेळी एकच वापरता येतो, तासाला पंचेचाळीस-शेहेचाळीस विमानं जेमतेम होतात, त्यात सत्तर सीटचं छोटं विमान आणि अडीचशे सीटचं मोठं विमान दोघांनाही वेळ तेवढीच लागते. आता अशा ठिकाणी छोट्या विमानाला कोण विचारणार?

चौथं, अलायन्स एअरकडे विमानंच थोडी. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली पण अलायन्स एअर त्यात गेली नाही, ती सरकारकडेच राहिली. एक विमान नादुरुस्त झालं की तीन शहरांचं वेळापत्रक कोलमडतं, आणि सगळ्यात आधी कॅन्सल होतो तो कमी कमाईचा रूट.

लग्नाला, बाराव्याला, ऑपरेशनला जाणारा माणूस दोनदा असा अडकला की तिसऱ्यांदा विमान बघतच नाही, सरळ जनशताब्दी बघतो. मग सीट रिकाम्या, मग कंपनी म्हणते मागणी नाही.

मोपामुळे चिपी मेला, बरोबर ना?

अर्धं बरोबर. गोव्यातल्या मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. चिपीला उघडून जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. मोपा पेडणे तालुक्यात, आपल्या बांद्याला लागूनच म्हणा ना. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गवाल्यांना चिपीपेक्षा मोपा जवळ पडतं, आणि तिथे मुंबईलाच दिवसातून कितीतरी विमानं, रात्रीपण, शिवाय दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद, वर परदेश. एका विमानाच्या विमानतळापेक्षा माणूस तिकडेच जाणार ना? एक चुकलं तर दुसरं मिळतं.

पण कुडाळच्या उत्तरेला, म्हणजे मालवण, कणकवली, देवगड, आचरा या पट्ट्याला मोपा लांब आहे. हा पट्टा चिपीचा हक्काचा होता. त्याला मोपाने नाही मारलं, त्याला रोजची खात्री नव्हती हे कारण. मोपाने दक्षिणेचा अर्धा जिल्हा नेला, उरलेला अर्धा आपण आपल्या हाताने घालवला असं मला वाटतं. मोपाची भीती तर खुद्द गोव्यात दाबोळीच्या जुन्या विमानतळवाल्यांना पण आहे, कतार एअरवेजसारखी कंपनी दाबोळी सोडून मोपाला गेली, मग चिपीचं काय घेऊन बसलात.

अडीच किलोमीटरचा रनवे आहे, मग इंडिगो का येत नाही?

रनवे २,५०० मीटर आहे आणि एअरबस ए-३२० त्यावर आरामात उतरू शकते. एटीआरला तर याच्या जवळपास अर्ध्यातच काम होतं. म्हणजे रनवेची अडचण कधीच नव्हती, म्हणूनच कोणी "रनवे अजून वाढवा" म्हणालं की मला हसू येतं. टर्मिनल एका वेळी २०० येणारे आणि २०० जाणारे सांभाळेल असं बांधलंय, तेही पुरेसं आहे.

इंडिगोच्या बाजूने विचार करा. मोठं विमान म्हणजे १८० सीट. मुंबईतला एक स्लॉट, म्हणजे विमान उतरायची-उडायची ठरलेली वेळ, म्हणजे सोनं, तो चिपीला वापरायचा की दिल्लीला? आणि कोकणातला प्रवासी त्यांना मोपाला मिळतोच आहे, दोन-तीन तास गाडी करून येतोच आहे, मग वेगळा स्टाफ, वेगळी यंत्रणा चिपीला कशाला उभी करायची? कंपनी धर्मादाय नाही. जोपर्यंत कोणीतरी दुसरा हिशोब समोर ठेवत नाही तोपर्यंत नुसत्या निवेदनाने इंडिगो येणार नाही.

यात एक गोष्ट मात्र बदलली आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडतायत. "मुंबईत स्लॉट नाही" हे कारण इतकी वर्षं चाललं, आता ते तितकं चालणार नाही. शिवाय पनवेल, ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या कोकणी माणसाला अंधेरीपेक्षा ते सोयीचं. चिपी-नवी मुंबई रोज सकाळी एक, संध्याकाळी एक, हा रूट मला कागदावर तरी आधीच्यापेक्षा जास्त जमणारा दिसतो.

विमानतळ आहे कोणाचा? सरकारचा की आयआरबीचा?

जमीन एमआयडीसीची, बांधला आणि चालवायला घेतला आयआरबी इन्फ्रास्ट्रक्चरच्या कंपनीने, करार २००९ चा, भाडेपट्टा ९५ वर्षांचा. खर्च साधारण ५२० कोटी सांगितला जातो. रस्त्याच्या धंद्यातली कंपनी विमानतळात पहिल्यांदाच उतरली होती. टोल नाक्यावर गाड्या येतातच, इथे विमान आणावं लागतं. विमानतळ चालवणारा विमान उडवत नाही हे लोक विसरतात, म्हणून शिव्या नेहमी चुकीच्या दारात पडतात. आणि खर्चाचं बघा, दिवसाला एक विमान येवो की दहा, अग्निशमनची गाडी, सुरक्षा, टॉवर, वीज, देखभाल हे सगळं लागतंच, नाहीतर डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याचं, लायसन्स टिकत नाही. एका विमानाच्या प्रवाशांकडून तो खर्च निघणं शक्यच नाही.

उघडायलाच एवढी वर्षं का लागली होती?

पूर्ण इतिहास लिहिला तर पान पुरणार नाही, थोडक्यात. करार २००९. मग जमीन, परवानग्या, रस्ता, पाणी, वीज. १२ सप्टेंबर २०१८ ला, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, पहिलं चाचणीचं छोटं विमान उतरलं आणि त्यातून गणपतीची मूर्ती आली, टीव्हीवर काय जल्लोष, वाटलं झालं. मग मार्च २०१९ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, टर्मिनलचं उद्घाटन. विमान नाही. मग कोरोना. मग सप्टेंबर २०२१ मध्ये डीजीसीएचं लायसन्स आणि ऑक्टोबरमध्ये परत एक उद्घाटन, ज्यात उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एका स्टेजवर बसले आणि विमानापेक्षा त्या टोलेबाजीचीच बातमी जास्त चालली. श्रेय घ्यायला डझनभर होते, पण २०२४ मध्ये जबाबदारी घ्यायला त्यातला एकही दिसला नाही.

ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचं काय?

चिपी-परुळे भागातली साधारण २७१ हेक्टर. बाहेरच्या माणसाला सडा म्हणजे नुसता कातळ दिसतो, पण त्यावर पावसात गवत असतं, गुरं चरतात, कडेने काजू-आंबा असतो, एकेका तुकड्यात दहा-दहा वारस असतात. विमानतळ आला की हॉटेलं येतील, पोरांना नोकऱ्या लागतील, रिक्षा-टॅक्सीचा धंदा होईल या भरवशावर लोक गप्प बसले. काहींनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. विमान थांबलं की टॅक्सीवाला त्याच दिवशी थांबतो, हप्ता थांबत नाही. ९५ वर्षांच्या करारात टॅक्सीवाल्याची तीन वर्षं कुठे बसतात?

असं फक्त आपल्याकडेच झालंय का?

अजिबात नाही. कॅगने २०२३ मध्ये उडानवर अहवाल दिला, तो प्रत्येक पुढाऱ्याने वाचायला हवा. उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ रूट दिले गेले होते, त्यातले ४०३ कधी सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातले फक्त ११२ तीन वर्षं पुरी करू शकले, आणि मदत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकले किती? ५४. म्हणजे चिपीने निदान तीन वर्षं काढली, त्या हिशोबाने तो बऱ्यापैकी वरच्या नंबरात आहे, हसावं की रडावं.

महाराष्ट्रातच बघा. नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ, उस्मानाबाद हे पाच विमानतळ २००९ मध्ये रिलायन्सला ९५ वर्षांसाठी दिले होते, त्यातून विमानसेवेच्या नावाने काय उभं राहिलं ते मराठवाड्यातल्या माणसाला विचारा. नांदेडचं विमान उडानच्या पहिल्या दिवसाचं, पण ट्रूजेट कंपनी २०२२ मध्ये थांबली आणि नांदेड पुन्हा विमानाविना. २०२४ मध्ये स्टार एअर आली तेव्हा परत हालचाल झाली. जळगावला २०१७ च्या डिसेंबरमध्ये एअर डेक्कन आली, गेली, मग ट्रूजेट आली, तीही गेली.

उलट कोल्हापूर बघा. तिथेही सुरुवात अशीच अडखळत झाली, पण तिथून हैदराबाद, बेंगळुरू, तिरुपती, मुंबई असे वेगवेगळे रूट जोडले गेले, फाउंड्रीवाले, साखरवाले, कापडवाले, बालाजीला जाणारे असा बारमाही प्रवासी मिळाला, आणि मार्च २०२४ मध्ये नवीन टर्मिनल उघडलं. एका रूटवर अवलंबून नाही राहिले.

पूर्ण बंद पडला तर? जमीन परत मिळणार का?

जमीन परत मिळेल या आशेवर कोणी राहू नका. संपादन झालेली जमीन एमआयडीसीकडे आहे आणि विमानतळ नाही चालला तर दुसरा वापर शोधला जाईल, शाळा पायलटांची, खाजगी विमानांचं पार्किंग, मालवाहतूक, असं काहीतरी. नेत्यांची विमानं आणि हेलिकॉप्टरं उतरायला तर तो नेहमीच उपयोगी आहे.

परदेशातलं एक उदाहरण डोक्यात ठेवा. इंग्लंडमध्ये डॉनकास्टरला जुन्या हवाई दलाच्या तळावर २००५ मध्ये विमानतळ झाला, रनवे आपल्यापेक्षाही मोठा, आजूबाजूला लोकवस्ती भरपूर. तरी २०२२ मध्ये मालक पील ग्रुपने जाहीर केलं की धंदा परवडत नाही, आणि नोव्हेंबरपर्यंत बंद. लोकांनी ओरडा केला पण तेवढ्यावर थांबले नाहीत, तिथल्या नगरपालिकेने २०२४ मध्ये १२५ वर्षांचा भाडेपट्टा करून विमानतळ ताब्यात घेतला आणि पुन्हा उघडायच्या मागे लागले. आपल्याकडे जिल्हा परिषद असं करेल असं मी म्हणत नाही, तेवढे पैसे कुठे आहेत, पण "स्थानिक लोक काय करू शकतात" याला निवेदन आणि मोर्चा सोडून तिसरंही उत्तर असतं एवढंच.

नाव काय ठेवलंय शेवटी?

बॅरिस्टर नाथ पै यांचं नाव द्यायचं राज्य सरकारने ठरवलं. माणूस वेंगुर्ल्याचा, राजापूरचे खासदार, संसदेत बोलायला उभे राहिले की विरोधक पण ऐकायचे असं जुने लोक सांगतात. नावाबद्दल माझी काही तक्रार नाही. नाव आलं, विमान गेलं, क्रम उलटा असता तर बरं झालं असतं.

वंदे भारत आहे, हायवे होतोय, मग विमान हवंच कशाला?

योग्य प्रश्न. मडगाव वंदे भारत २७ जून २०२३ पासून आहे, कणकवलीला थांबते, पण पावसाळ्यात ती आठवड्यातून तीनच दिवस धावते आणि गणपती पावसाळ्यातच येतात. कोकणकन्या, तुतारी, मांडवीचं रिझर्व्हेशन उघडल्या मिनिटात वेटिंगला जातं. हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, माणगाव-इंदापूरला अडकलेल्याला विचारा झालं का. त्यामुळे पर्याय आहेत हे खरं, पुरेसे आहेत हे खरं नाही.

पण विमानाची खरी गरज चाकरमान्याच्या सुट्टीपेक्षा आजारी माणसाला जास्त आहे. हार्टचं, मेंदूचं, कॅन्सरचं काही निघालं की आपण गोवा, कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठतो. वरचेवर केमोला मुंबईला जाणाऱ्याला रात्रभर ट्रेनमध्ये बसवणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. या प्रवाशाचा हिशोब कुठल्याच मागणीच्या सर्व्हेत येत नाही.

मग तुमच्या मते करायचं काय?

पहिलं, मदत राज्याने द्यायची तर रोज वेळेवर उडण्याच्या अटीवर द्यायची, नुसत्या सुरू करण्याच्या नाही. सोलापूरचं उदाहरण ताजं आहे, तिथे राज्य सरकारने स्वतःच्या खिशातून व्हीजीएफ द्यायचं ठरवलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सोलापूर-मुंबई विमान सुरू झालं. सोलापूरला जमतं तर सिंधुदुर्गाला का नाही, इथे तर मंत्र्यांची वानवा कधीच नव्हती. दुसरं, वेळ. दुपारचं विमान कोणाच्याच कामाचं नाही. सकाळी जाऊन काम करून संध्याकाळी परत येता आलं पाहिजे, त्यासाठी रात्री आणि खराब हवेत उतरायची सोय रोजच्या वेळापत्रकात वापरात यायला हवी. तिसरं, विमानतळ ते कुडाळ-मालवण बस. स्टँड बांधला पण एस्टीच नाही अशी गत नको, विमान तासा-सव्वा तासात येतं आणि मग कुडाळपर्यंतची रिक्षा जे सांगते ते ऐकून माणूस परत विमानाने येत नाही.

मदत कायमची द्यायची का यावर ग्रुपवर मारामारी होते. मला वाटतं हो, थोडी तरी कायमचीच द्यावी लागेल. एस्टी तोट्यात चालते म्हणून आपण खेड्यातली गाडी बंद करा म्हणत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी निदान तीन वर्षांत रूट आपोआप पायावर उभा राहील असं तरी समजू नये, ५४ चा आकडा वर दिलाय.

"लवकरच मुंबई विमानसेवा पुन्हा सुरू" अशी बातमी आली, खरी का?

अशी बातमी ऑक्टोबर २०२४ पासून इतक्या वेळा आली की मोजणं सोडलं. बघायचं एकच. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर तारीख टाकून तिकीट विकत मिळतंय का? मिळत असेल तर खरं. मंत्र्यांनी मंत्र्यांना भेटून निवेदन दिलं, सकारात्मक चर्चा झाली, तत्त्वतः मान्यता मिळाली, यातल्या कशानेही विमान उडत नाही.

या गणपतीला चिपीच्या भरवशावर राहू का?

आधी ट्रेन बघा, रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, त्यामुळे तारीख मोजून बसा. मग चिपीला तुमच्या शहराहून विमान आहे का ते कंपनीच्या साइटवर बघा, वेळापत्रक उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं वेगळं असतं आणि मध्येच बदलतं. पुण्याचे असाल तर ते जरूर तपासा, मुंबईवाल्यांपेक्षा तुमची सोय जास्त झालेली आहे. कणकवली-मालवणच्या पुढचे असाल तर चिपी, सावंतवाडी-बांद्याकडचे असाल तर मोपाच बघा, उगाच अस्मितेपोटी जास्त पैसे घालवू नका. आणि विमानाने येणार असाल तर मूर्ती आणायच्या दिवशीचं तिकीट काढू नका, दोन दिवस आधीचं काढा. ढग आला तर विमान परत फिरतं.